खुर्ची हलली की मी?

तर सिस्टर, माझं म्हणणं अजून तेच आहे. त्या दिवशी मी हललो नव्हतो, खुर्ची हलली होती. सहा वर्षं झाली, तरी तुम्ही भेटेल त्याला सांगता, "हाच तो हलणारा बाप." आज तुम्ही निवृत्त होताय, निदान आज तरी याचा निकाल लागू दे.

असो, आधी रीत. माननीय अध्यक्ष मोठे डॉक्टर, व्यासपीठावरचे पाहुणे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या सगळ्या सिस्टर, मावशी आणि खाली बसलेले आईबाप, सर्वांना माझा नमस्कार. मी दूर कामावर आहे, रजा मिळाली नाही. म्हणून हे कागदावर उतरवून पाठवलंय आणि आमच्या घरचं माणूस, म्हणजे माझी बायको, ते वाचतंय. पाकीट बंद होतं, आत काय आहे हे तिलाही माहीत नाही. ती मध्येच थांबली तर सांभाळून घ्या.

मी पाचवीत शाळा सोडली. मास्तर वाईट नव्हते, मला बाकावर बसवतच नव्हतं. आता उंच इमारतींना काचा बसवतो. दीडशे किलोची काच मी धरली की केसभर हलत नाही. पण स्वतः दहा मिनिटं गप्प बसणं? विचारा वाचणारीला.

आमची मुलगी तीन महिने आधीच आली. वजन साडेसातशे ग्रॅम. वॉर्डात सगळे तिला पाऊणकिलो म्हणायचे. तोंडात नळी, श्वास मशीनचा. तिची आई वरच्या मजल्यावर, रक्तदाब चढलेला, तिला उठायची परवानगी नव्हती. मी रोज तिच्या काचेच्या पेटीच्या भोकातून एक बोट घालायचो. जन्मभर काचा बसवल्या, पण काचेचा राग तेव्हा पहिल्यांदा आला.

नवव्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन रोज वाढवावा लागतोय. आजचा दिवस बघू." बघू म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुपारी तुम्ही आलात. "शर्टाची बटणं काढा."

"का?"

"लेकीला छातीशी घ्यायचंय."

"अहो सिस्टर, नळी आहे तिला! तुमचं काम तुम्ही करा, मी आपला बाहेर थांबतो."

"बाहेर थांबून नऊ दिवसांत काय उजेड पाडलात? बसा!"

डॉक्टर, रागावू नका, पण तेव्हा तुम्हीही म्हणालात, "नळीवरचं बाळ बाहेर? सिस्टर, आपल्याकडे असं करत नाहीत." त्यावर या म्हणाल्या, "मग आज करू, सर. नळी मी स्वतः धरते." तुम्ही दहा मिनिटं दिलीत.

एका सिस्टरनं बाळ उचललं, यांनी नळी. नळी माझ्या खांद्याला चिकटपट्टीनं लावली, वरून चादर. ती छातीवर आली तेव्हा वजन असं लागलंच नाही, नुसती ऊब. मी घाबरून श्वासच रोखला. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"अहो, तिला मशीन श्वास देतंय, तुम्हाला कोण देणार? घ्या की!"

मी घेतला. पडद्यावर तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता चौऱ्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग एक्याण्णव. दहा मिनिटं झाली, डॉक्टर घड्याळ बघत आले आणि पडद्याकडे बघत राहिले. पंच्याण्णव! त्यांनी स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि स्वतःच्या हातानं ऑक्सिजन कमी केला. "राहू दे," म्हणाले. जिंकलात सिस्टर तुम्ही! मी दोन तास बसलो. माझ्या मास्तरांनी ते बघायला हवं होतं.

शेवटी तुम्ही मला छोटा आरसा दिलात, तिचं तोंड दिसावं म्हणून. तेवढ्यात मशीन ओरडलं. तुम्ही नळी सावरलीत आणि म्हणालात, "हललात!" मी म्हणालो, "खुर्ची हलली!" तेच भांडण आजवर चालू आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिची आई खाली आली, मग आम्ही पाळीपाळीनं बसलो. नव्वदाव्या दिवशी पाऊणकिलो घरी गेली. आज ती पहिलीत आहे, आणि बाई म्हणतात, बाकावर बसत नाही. समोर बघा, आताही बसली नसेल. त्यानंतर तुम्ही किती आईबाप बसवलेत, मोजदाद नाही. आता म्हणे मोठे डॉक्टरच नव्या बापाला आधी विचारतात, "शर्टाला पुढून बटणं आहेत ना?"

आता निकाल. सिस्टर, दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेपनं त्या खुर्चीचे पाय गुपचूप मोजले होते. चारही सारखे निघाले. हललो मीच. आरशात तिनं एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. त्यावर कोण हलणार नाही, तुम्हीच सांगा.

सहा वर्षं खोटं बोललो, त्याचा दंड भरतो. वॉर्डात तीच टणक खुर्ची अजून आहे असं कळलं. मागे रेलणारी, हातांची, पाय टेकायला पुढे फळी असलेली खुर्ची बघून ठेवली आहे. पुढचा बाप हलला तर त्याला खुर्चीचं नाव सांगता येणार नाही.

सर्वांचे आभार. शिकलेला नाही, कुठे जास्त बोललो असेन तर पदरात घ्या, वाचणारीचा त्यात दोष नाही. खुर्चीचे पूर्ण सोळा हजार चारशे रुपये आजच दुकानदाराला पाठवले आहेत.