रुखमाच्या गावचं पाणी

माहं माहेर धावड्याचं, भोकरदन तालुक्यात. आमच्या वावरातल्या विहिरीचं पाणी असं व्हतं की तुरीची डाळ चुलीवर ठेवून भाकरी थापायला बसावं तर चार भाकरी व्हायच्या आत डाळ मऊ. तव्हा मला काय ठावं, पाणीबी गावागावाचं येगळं असतं म्हणून. आम्ही दोघी बहिणी, मी कौसा थोरली, रुखमा धाकली. मला दिलं एक्क्याऐंशी सालात, तिकडं खाली कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, काळी जमीन, बारा एकर, बापाला लई आनंद झाल्ता. रुखमाला दिलं धावड्यापासून दोन कोसावर, मुरमाड रान, कुडाचं घर. सगळे म्हणायचे कौसाचं नशीब चांगलं. बापानं जमीन पाह्यली, बैल पाह्यले, पाण्याचा घोट काही घेऊन पाह्यला न्हाई.

काय सांगू तुम्हाला ताई, सासरी आडाचं पाणी खारं. डाळ दुपारपस्तोर शिजवली तरी दाणा दाताखाली यायचा, साबणाला फेस न्हाई, केस तर जटांवाणी. सासू म्हणायची, तुह्या मायनं सयंपाक शिकवला न्हाई का. मी म्हणायचे, आत्याबाई, पाण्यानं व्हतंय, तर म्हणायची, आम्ही हेच पाणी पिऊन म्हातारे झालो. अन् पंचमीला माहेरी गेलं की रुखमा यायची, केस रेशमावाणी, अन् बाप जेवता जेवता म्हणायचा, डाळ खावी तर रुखमाच्या हातची. मी तिथंच बसलेले. हाताचं काय त्यात, सगळं पाण्याचं, पण मी बोलले न्हाई. सख्ख्या बहिणीवर जळू न्हाई हे कळत व्हतं मला, पण जळत व्हते.

मंग आमच्या दारापुढं सरकारी हापसा बसला. लई खोल गेल्ते, दोन दिवस मशीन चालू व्हती. पाणी लागलं अन् मी पहिला घोट घेतला तर बिलकुल खारं न्हाई. डाळ शिजली बराबर. सासूनं दुसऱ्यांदा वाढून घेतली. माही संगीता तव्हा पोटात व्हती, अन् रुखमालाबी दिवस गेल्ते. मी बाळंतपणाला धावड्याला गेले तर येशीपासून सांगत गेले, आता आमच्या गावालाबी गोड पाणी हाय. रुखमाची अनिता माह्या संगीतापेक्षा महिनाभरानं धाकली.

पोरी दोन-अडीच वर्साच्या असतील, रुखमा मला म्हणली, बाई, आमच्या गावात नर्सबाई येतात, त्या म्हणतात लई खोलाचं पाणी लेकरांना तपासल्याबिगर देऊ न्हाई, गोड लागलं तरीबी. मला असा राग आला. मी म्हणले, आता माह्या दारात पाणी आलं तर तुह्या पोटात दुखून राह्यलं व्हय. घरी आले अन् संगीताला मुद्दाम तांब्या भरभरून पाजला त्या हापशाचा.

पोरीचे दुधाचे दात पडले, नवे आले ते पिवळे, वर तपकिरी पट्टे. आधी वाटलं घासत न्हाई, मीठ-कोळशानं घासघासून हिरड्यांतून रक्त काढलं मी तिच्या. मंग साळेत डाक्टर आले, पाहिलं तर निम्म्या लेकरांचे दात तसेच. बाटल्यांत पाणी भरून नेलं अन् काही दिवसांनी हापशाला लाल रंग मारून गेले, पिऊ नका म्हणून. पुन्हा आडावर आलो.

त्या दिवाळीला रुखमा येणार व्हती. मी हापशावर गोणपाट टाकलं, वरून सुतळी बांधली. तिनं इचारलं, हे काहून झाकलं, तर म्हणले, बिघडलाय. संगीता तिथंच उभी व्हती, म्हणली, मावशी, बिघडला न्हाई, त्याच्या पाण्यानंच माहे दात असे झाले. रुखमा मला काही बोलली न्हाई. तिनं पोरीला जवळ घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोरगी वयात आली. जाफराबादकडून पाहुणे पाहायला आल्ते, रुखमा अन् अनिता मदतीला आलेल्या. मी संगीताला बजावलं, तोंड मिटून बस, हसू नको. पण मुलाच्या मायनं नाव इचारलं, गाव इचारलं, बोलावंच लागलं. अनिता पोहे घेऊन आली, कुणीतरी काही म्हणलं, ती हसली, पांढरेशुभ्र दात. चार दिवसांनी निरोप आला, धाकल्या बहिणीची पोरगी द्या. अन् रुखमानं न्हाई म्हणून कळवलं, मला न इचारता. म्हणली, बहिणीच्या लेकीला सोडून आल्याले पाहुणे मला नको. ताई, तिनं हो म्हणलं असतं तर मी तिच्यावर जल्मभर राग धरला असता, पण तिनं न्हाई म्हणलं त्याचा जास्त राग आला. पाणीबी तिचं चांगलं अन् मनबी तिचंच चांगलं, मंग माह्या वाट्याला काय.

संगीताचं लग्न झालं पुढच्या साली. जावई जीप चालवतो, त्याचेबी दात तसेच, त्याच्याबी गावाचं पाणी तसलंच. दोघं बोलत बसले म्हणजे तोंड उघडून खदाखदा हसतात. मी पाह्यलं अन् आत जाऊन रडले, माह्या घरी ती पोरगी हाताआड हसायची.

आता दोन महिन्यांमागं रुखमाकडं गेल्ते. तिनं तांब्या दिला, मी सगळा प्याले अन् म्हणले, रुखमे, तुह्या गावचं पाणी लई गोड हाय. इतक्या वर्सांत पहिल्यांदा म्हणले. ती म्हणली, व्हय का बाई, मला न्हाई कळत, मी रोजच पिते. देव तिला सुखात ठेवो, तिच्या लेकराबाळांना ठेवो. पण तुमच्यापाशी खोटं काहून बोलू ताई, तिला त्याची चवबी कळत न्हाई हे ऐकून मला पुन्हा जळल्यावाणीच झालं.