हायपोतला पाव तास

—अवो, उन्हाकडं नका धरू, बाई, उरलाय तेवढाबी जाईल! द्या हिकडं. ह्याला फोटो म्हणायचं? च्याचं फडकं बरं ह्यापरीस. आन् काय म्हणाला त्यो बारामतीचा कलरवाला — इंदापुरात कुंडलिक म्हातारा हाय, त्योच आईचा फोटो नीट करंल? त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला! मशिनीच्या ह्या तोंडातनं रीळ घालायचं, त्या तोंडातनं फोटो काढायचा — गिरणीवाला नि त्यो सारखाच, फक्त हा पिठानं भरत न्हाय. आमी लढाईच्या सालात, इकतचा कागद मिळंना तवा, साध्या जाड कागदाला मिठाचं पाणी लावायचो, वर चांदीचं औषध, आन् कॅमेऱ्यातनं निघालेल्या काचेखाली धरून उन्हात छापायचो. हा फोटो त्यातलाच.

पर नुसतं छापून काय हुतंय? ऊनच चित्र काढतं नि ऊनच ते खातं. म्हणून हायपो, चित्र पक्कं करायचं मीठ. पाण्यात इरघळवायचा, फोटो त्यात पाव तास मुरवायचा, मग तासभर धुवायचा, पाणी बदलून बदलून. मुरला की पन्नास वर्सं हलत न्हाय. आन् ह्या गड्यानं काय केलं? दोन मिन्टं! बुडवला, उचलला. धुतला म्हणावं तर त्योबी न्हाय. बघा — नाक गेलं, वठ गेलं, लुगड्याचा काठ गेला. असल्याच्या हातात कॅमेऱ्यापरीस खुरपं द्यावं. कुणी काढला? मला काय ठावं! तवा हितं कॅमेरेवालं हुतं किती — एक. म्हंजी, दोन. दुसरा मेला.

ती मूळची काच कुठं हाय? शाळेत शिकवता म्हणता, आन् असं इचारता? जुन्या काचा घासून देवांच्या तसबिरींस्नी लावल्या समद्यांनी. तुमची आई पुसली गेली, आन् तितं कुठंतरी गणपती बसलाय.

आता रडायचं काय त्यात? — काय? डोळं तरी राहिलं? समदी म्हणत्यात, तुमचं डोळं आईचं, कुशाबाईचंच? हॅ! म्हणणाऱ्यांस्नी अक्कल न्हाय, निदान तुमी तरी इचार करायचा. नाक गेलं, वठ गेलं, मग डोळंच कसं राहिलं? चांदी उडती, चिनी शाई उडत न्हाय. काढल्यालं डोळं हायती ते, ब्रशनं. मयताचं डोळं मिटल्यालं असत्यात, आन् घरच्यांस्नी भितीवर लावायला उघडं पायजेत — मग वरनं काढायचं, तशी रीतच हुती.

जत्रंतला फोटो? असं सांगितलं तुमास्नी? कसली जत्रा! भिताडाला टेकवून बसवली हुती तिला, मागनं शेजारच्या तानूबाईनं मान धरलेली, पदराआड. दहाव्याला फोटो पायजे म्हणून घाई. छापून नेला नि ओसरीवर बसून इचारलं — डोळं कसं हुतं हिचं? कुणाला सांगता येईना. नवऱ्यालाबी न्हाय! रोज हातची भाकरी खाल्ली, डोळं ठावं न्हाईत गाढवाला. पाळण्यात तीन म्हयन्याचं पोर वरडत हुतं, भुकंनं. मग त्याच्याकडं बघून काढलं मी. तुमच्याकडं बघून. आईचं डोळं तुमाला न्हाय आलं, बाई, तुमचं तिला गेलं.

असं काय बघताय? व्हय, मीच. त्यो एकच कॅमेरेवाला. कसला दुसरा नि कसला मेला! हायपोत पाव तास तिचं तोंड बघत बसायचं, पाण्याखाली, मिटल्यालं — आन् म्होरं बसायला मी एकटा. न्हाय झालं माझ्याच्यानं. उचलला. लई मोठा कारागीर! मढ्याला भ्यालेला.

पुसा डोळं. आन् पिशवीत नका घालू, द्या हिकडं. हायपोची पुडी हाय अजून माझ्यापाशी. उपेग काय न्हाय, मला शिकवू नका — गेलेलं येत न्हाय, मलाबी कळतंय. शाईला काय हुणार न्हाय. तुमी बाहीर बाकड्यावर बसा. पाव तास. मधी हाका मारू नका.

दार वढून घ्या.