माझ्या मणक्याला रंग धरला नाही

...आणि वर डॉक्टर मलाच म्हणतो, ‘काका, वयाप्रमाणे आहे!’ अहो, तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वर्षं कापड रंगवतोय मी. चादरी, पडदे, शाळांचे गणवेश, म्हणाल ते. आणि आता ऐकून घ्यायचं काय, तर माझ्याच मणक्याला रंग धरला नाही!

चार महिने पाठ धरलेली. ओले पडदे रंगाच्या हौदातून उपसायचे म्हणजे खायचं काम आहे का? पण दुसरं येतंय काय मला? म्हणून डॉक्टरकडे गेलो, म्हटलं, एवढी पाठ नीट करा, मला हौदावर जायचंय. त्याने साधा एमआरआय काढला, मणक्यात कसलेसे डाग दिसले, म्हणाला, शंका नको, शिरेत डाय सोडून पुन्हा काढू.

डाय! माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, आपल्या धंद्यातलं काहीतरी निघालं.

पण तिथली नर्स... माझी नखं बघितली आणि तिचा चेहराच उतरला. ‘आजोबा, दम लागतोय का?’ बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, यंत्र आकडाच दाखवेना, ही धावली, दुसरं यंत्र आणलं, आणखी दोघींना आणलं... अहो बाई, नखं निळी आहेत ती मंगळवारच्या गणवेशांनी! शेवटी कानाला चिमटा लावला, तेव्हा कुठे मी जिवंत ठरलो.

मग सुई. आणि सुईत काय? पाणी! नुसतं पाण्यासारखं. मी विचारलं, हा कसला रंग, मीठ घातलंत का, मुरू किती वेळ देणार? ती म्हणाली, ‘हलू नका.’ त्या नळीत आडवा पडलोय, कानाशी ठोकाठोक चाललीय, आणि मी मनातल्या मनात एकच घोकतोय, रंग धरू दे, गडद धरू दे, एकसारखा धरू दे. गिऱ्हाइकाचं कापड कधी कोरं परत केलं नाही मी, आता स्वतःचीच लाज निघायला नको.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने दोन फोटो शेजारी शेजारी लावले, डायच्या आधीचा आणि नंतरचा. मी चष्मा लावून बघितलं. एका छटेचा फरक नाही! ‘मणक्याने डाय घेतलेला नाही,’ म्हणाला. आमची ही ढसाढसा रडायला लागली. मीही रडलो. ती आनंदाने रडत होती, हे मला नंतर कळलं. मी आपला म्हणतोय, डॉक्टर, एकदा परत करा, जरा गरम करून सोडा!

तेव्हा त्याने समजावलं. तरुणपणी मणक्याच्या आतली मज्जा लाल असते, तिच्यात रक्त भरपूर, ती डाय पटकन घेते. वय झालं की तिथे चरबी भरते, ती घेत नाही. ते डागही चरबीचेच. ‘तुमच्या वयात डाय घेऊन मणका उजळला असता, तर मला कॅन्सरची काळजी लागली असती.’

म्हणजे तेलकट कापड हो! तेलकट कापड रंग धरत नाही, हे मी हौदावर पहिल्याच दिवशी शिकलोय. म्हटलं, मग सोड्याने धुऊन काढा की ती चरबी. ‘निघत नाही, काका. वयाप्रमाणे आहे.’ आणि पाठ? ‘तीही वयाप्रमाणे.’ आणि हौद? त्याने नुसती मान हलवली. ओलं कापड उचलायचं नाही. कधीच नाही.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, एखादा आजार निघाला असता तर निदान बरं तरी होता आलं असतं. हिच्यासमोर बोललो नाही. पण वाटलं.

आता हौद जावई बघतो, मी गल्ल्याशेजारी स्टुलावर. काल एक म्हातारबुवा आले, लग्नातला काळा कोट घेऊन. विटलेला, कॉलर तेलकट, सूत पार विरलेलं. म्हणाले, पुन्हा काळाभोर करून द्या. मी उजेडात धरून बघितला, घडी घातली आणि परत दिला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

‘का हो, काय झालंय त्याला?’

‘काही नाही झालेलं. वयाप्रमाणे आहे.’

‘जरा गरम करून बघा ना एकदा!’

मी नुसती मान हलवली.

‘मग आता याचं करू काय मी?’

म्हटलं, ‘घालत राहा. मीही माझा तसाच घालून बसलोय.’