टीव्हीतली आई

मंगळवारचा उपास धरलेल्या कमलबाई येरमाळ्याच्या स्टँडवर बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोघींचं बोलणं चाललं होतं.

“पुतळाअक्का, मठात दिल्याल्या बळीची गोष्ट टीव्हीवर दावली म्हणं. तुमच्याच लेकीची.”

“बघितली पंचायतीत बसून. माझ्या जागी लई गोरी बाई घेतलीया.”

“आन् पोरगी?”

“तिला मठातल्या बाबाची माणसं ओढून नेत्यात. आई रडत माघं पळती.”

“लई सोसलंत तुम्ही.”

“गाव बी आता तसंच म्हणतंय.”

“मग खोटं हाय का?”

“कुणी ओढली न्हाय गं. पाऊस पडाया बाबानं पूजेला कुमारिका मागितली. म्याच न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला. वाटंत तिचे पाय भाजाया लागले, तर मीच कडंवर घेऊन गेले.”