वडिलांच्या नावाचा रकाना

आमचं घर ब्रह्मा घाटावरचं, म्हणजे आता पाच पिढ्या झाल्या, पणजोबांचे वडील वाईकडून वेद शिकायला म्हणून आले ते इथलेच होऊन गेले, वाई आम्ही कोणी पाहिली पण नाही. माझं मराठी ऐकून तुम्ही मघाशी हसलात ना, हसा, आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी, मग दोन्हीची खिचडी होते. वडील वेदपाठी होते. मलाही त्यांनी बसवलं होतं शिकायला, पण माझा सूर काही लागायचा नाही, एक स्वर चुकला की वडील हात वर करायचे आणि मग पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, एक अक्षर गाळायचं नाही. शेवटी त्यांनीच हात टेकले, म्हणाले याचं अक्षर चांगलं आहे, याला नोकरीत घाला. तर असा मी सरकारी इस्पितळात बाबू म्हणून लागलो.

मुलांच्या इमर्जन्सीची खिडकी माझ्याकडे आली ती नव्वदनंतर. काम काय, तर पर्ची बनवायची. मुलाचं नाव, वय, बापाचं नाव, गाव, ठाणा म्हणजे पोलीस ठाणं. पर्ची झाली की आत, पर्चीशिवाय आत कोणी हात लावायचं नाही, असा कायदाच होता, निदान मी तरी तसाच समजून होतो. आणि काय सांगू तुम्हाला, मला त्या पर्चीचा गर्व होता. दुसरे बाबू अर्धं लिहायचे, अर्धं कोरं सोडायचे, माझ्याकडे ते चालायचं नाही. सगळे रकाने भरलेले, खाडाखोड नाही. सिस्टर म्हणायच्या, पंडितजींची पर्ची म्हणजे छापल्यासारखी, आणि मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तो दिवस थंडीतला, सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. लाइन लागलेली. एक बाई आली, खेड्यातली, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला, काखेत मुलगी, शालीत गुंडाळलेली. म्हणाली, बाबू, तनी जल्दी करीं, साँस फूलत बा. आता तिथं येणारा प्रत्येकजण जल्दीच म्हणतो, हो की नाही. मी लिहायला घेतलं. नाव पिंकी. वय अडीच. बाप का नाम? बाईनं मुलीला दुसऱ्या काखेत घेतलं. मी पुन्हा विचारलं, बाप का नाम? ती म्हणे, नाँव कइसे लेईं बाबू, नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ. मग हळूच म्हणाली, सोमवारच्या दुसऱ्या दिवसाचं नाव आहे.

मला कळलं. तुम्ही म्हणाल कळलं नसेल म्हणून उशीर झाला असेल, तसं नाही, मला त्याच क्षणी कळलं, मंगळवार, म्हणजे मंगल काहीतरी. मागून एकजण म्हणाला पण, अहो मंगल लिहा की. पण मी काय म्हणालो, पूरा नाम बोलो, मंगल की मंगरू की मंगला, रजिस्टरला चुकीचं जाईल. ती नुसती मान हलवत राहिली. मग एकदम वळली आणि मुलीला घेऊन बाहेर पळाली, दिराला शोधायला, तो फाटकाशी जीपवाल्याशी बोलत होता. मी पुढच्या दोघांच्या पर्च्या केल्या. दीर आला, म्हणाला मंगला प्रसाद, मी ते नीट लिहिलं, गाव लिहिलं, ठाणा लिहिला, मग ती आत गेली. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर होता. वीस पावलं, जास्त नाही.

अर्ध्या तासानं सिस्टर बाहेर आल्या, रजिस्टर मागितलं, म्हणाल्या ती छोटी गेली हो पंडितजी, ओठ निळे पडले होते, दहा मिनिटं आधी आली असती तर काही करता आलं असतं. वर म्हणाल्या, ही गावची माणसं येतातच उशिरा. मी रजिस्टर दिलं. ती आधी आली होती, हे मी नाही बोललो. आजपर्यंत इस्पितळात कोणाला नाही बोललो.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून घेतलं, लाटणं थांबलं तिचं, आणि म्हणाली, तुमची आई बसली आहे आत, तिनं घेतलं असतं का नाव? मी तरी घेतलं असतं का असं, दहा माणसांत? उखाण्याशिवाय कधी ऐकलंत माझ्या तोंडून? मग पुन्हा लाटायला लागली. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी, आणि पुष्कळ दिवस नीट गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच केलं. लेकरू दिसलं की आधी आत पाठवायचं आणि सोबतच्या माणसाला थांबवून मागाहून लिहायचं. बडे बाबू ओरडले, लेखी खुलासा मागितला, दिला मी. डॉक्टर काही बोलले नाहीत. मतलब, कायदाबियदा तसा कधी नव्हताच बहुतेक, कोणी विचारलंच नव्हतं, आणि हे कळायला एक मुलगी जावी लागली.

दोन वर्षं झाली असतील. एक बाई आली, कडेवर मूल, तापानं फणफणलेलं. मी नेहमीसारखं म्हणालो, आत जा, पर्ची नंतर. ती हललीच नाही. खिडकीचे गज धरले, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं म्हणाली, बाप का नाम मंगला प्रसाद, आणि गाव, आणि ठाणा, एका दमात, पाठ केल्यासारखं. चेहरा मला ओळखू आला नव्हता, मी तो पाहिलाच कुठं होता. नावावरून ओळखलं. मी म्हणालो, जा ना माई, जा. तेव्हा पळाली. मला तिची माफी मागायची होती, पण मी पुढची पर्ची ओढून लिहायला लागलो.

तो मुलगा बरा झाला, चौथ्या दिवशी घरी गेला, मी वॉर्डात विचारून आलो होतो. ती जाताना खिडकीवरून गेली नाही, किंवा गेली असेल, मी वर पाहिलं नाही.

आता पुढल्या वर्षी मी रिटायर होईन. म्हणतात कॉम्प्युटर येणार आहे, बटण दाबलं की पर्ची. येऊ दे, चांगलंच आहे. पण तो पण आधी बापाचं नाव विचारत बसला तर काय उपयोग, हे मी सांगून जाणार आहे, ऐकतील न ऐकतील. ती बाई असेल तिथं सुखी असो, तिच्या मुलाला उदंड आयुष्य मिळो, आणि तिला पुन्हा कुठल्या खिडकीपुढं नवऱ्याचं नाव घ्यायची पाळी न येवो.