शेवटचे दोन तास

— होत नाही असं नका म्हणू, गुलाबराव. काहीही म्हणा, ते नका म्हणू. बसा पहिले. खुर्ची डुगते, भिंतीले टेकवून बसा — हां. चुकलं नाही तुमचं काही, पहिल्या साली सगळ्यायचं असंच होते. गणिताचा नवा मास्तर आला का हेडमास्तर वेळापत्रक त्याच्याच गळ्यात मारते. मोताळ्याची ही शाळा निघाली तवा माह्या गळ्यात मारलं, सतरा वर्षं झाली. आता तुमचा नंबर. पाहू द्या... मंगळवार, तिसरा तास — हे काय, एकच माणूस आठवी ब मधी अन् नववी अ मधी? तेच. एक जागा सुधरवली का दुसरी बिघडते, दुसरी सुधरवली का तिसरी. एकोणीस मास्तर, चौदा तुकड्या, प्रयोगशाळा एक, ड्रॉईंगवाला येते तीनच दिवस. अन् तुम्ही मले रीत इचारता. कुठली रीत? मलेही वाटे, लसावि काढतो तशी असन काही — पायरी-पायरीनं उतरलं का उत्तर खाली पडन. सतरा वर्षं पाह्यलं. नाही पडत.

मी एकदा म्हटलं होतं, होत नाही. एकदाच म्हटलं. कोकिळाबाई होत्या इथं, शास्त्र शिकवत — तुम्ही नाही पाह्यलं त्यायले. चौऱ्याहत्तरचा जून. राह्यत नांदुऱ्याले, माय लकव्यानं खाटेवर, घरात दुसरं कोणी नाही. शेजारच्या बनाबाई पाच वाजेपर्यंत बसत मायजवळ, मंग त्यायलेही त्यायचं घर आहेच. तर बाई म्हणे — सर, शेवटचे दोन तास मोकळे द्या मले, पावणेचारची एसटी सापडते. सकाळी कितीही द्या, लागोपाठ द्या, मी नाही म्हणणार नाही. इतकंच. मी बसलो ना! पाच दिवस बसलो. लिही, खोड, लिही, खोड — कागदाले भोकं पडले. पाचव्या दिवशी डोकं शिणलं. मंग हेडमास्तरासमोर त्यायले सांगतलं — बाई, हे होत नाही. हेडमास्तर म्हणे, अजून पाहा जरा. मी म्हटलं, पाहाचं काय त्यात? गणितानंच होत नाही. गणितानं! आता गणितापुढं कोण बोलन? पंधरा दिवसांनी बाईचा राजीनामा.

हो, वाईट वाटलं — पण मी म्हटलं, आपला काय विलाज? होत नाही ते होत नाही. अन् दोन वर्षांनी काय सुचलं कोणास ठाऊक — मनात खुटखुट असन — कचरूले पत्र टाकलं. माह्याच हाताखाली शिकलेला, आता मुंबईले गणकयंत्रावर काम करते. त्याले सगळं कळवलं — त्या सालचे मास्तर, तुकड्या, कोणाच्या काय अटी. म्हटलं, होत नाही हे यंत्राकडून सिद्ध करून पाठव. तर त्याचं उत्तर — सर, तुम्ही सोपं समजून राह्यले. नकाशा तीनच रंगांत रंगवाचा, लागून असलेल्या दोन गावांले एक रंग नाही, हे एक कोडं. सगळ्या गावांत एकेकदाच जाऊन ठरल्या कोसांच्या आत घरी याचं, हे दुसरं. तिसरं तुमचं वेळापत्रक. दिसाले येगळे, पण आतून एकच, म्हणे — अशी किती तरी कोडी आहेत. एकाची झटपट रीत सापडली का सगळ्यायची सापडली. अन् ती जगात कोणाले सापडली नाही. बरं, अशी रीत नाहीच, हेही कोणी सिद्ध केलं नाही. उत्तर कोणी आयतं हातात देल्लं, तर तपासाले मात्र घडीभर लागते. पत्र वाचून मी खूश झालो, खोटं काऊन सांगू? म्हटलं, पाहा, मोठमोठ्यायले जमत नाही ते मले काय जमन.

दीड महिन्यानं जाड पाकीट आलं. खाली लिहिलं होतं — सर, नशिबानं लागलं, नाही तर यंत्रही थकलं असतं. सिद्धता नव्हती, गुलाबराव. वेळापत्रक होतं. अख्खं. कोकिळाबाईच्या रांगेत शेवटचे दोन तास पाचही दिवस कोरे.

ते घेऊन मी नांदुऱ्याले गेलो. काऊन गेलो? ते मलेही सांगता येत नाही. बाई घरीच शिवणाचा वर्ग घेत. पोरींले लवकर घरी धाडलं, मायच्या खाटेजवळच चटई टाकली, पेन्सिल घेतली अन् एकेक रांग तपासली. आधी तुकड्या, मंग मास्तर, मंग प्रयोगशाळा. पाव तास. मी घड्याळ पाहून राह्यलो होतो — पाव तास. म्हणे, बरोबर आहे, इंद्रभान सर. कुठं कोणी दोनदा आलं नाही. अन् मंग पेन्सिल एका जागी थांबली. म्हणे, तुमचे तास हललेले दिसतात.

वरच्या वर्गाची भूमिती, पहिला तास अन् दुसरा. पोरायचं डोकं ताजं असते ना — म्हणजे, माह्यं. दर साली मी पहिले माह्ये तास शाईनं भरत होतो अन् मंग बाकीच्यायचे पेन्सिलीनं. कचरूले सगळ्यायच्या अटी लिहिल्या, ही लिहिली नाही. लपवली नाही हो — मले ती अट दिसतच नव्हती. यंत्राले काय ठाऊक? त्यानं मले नेलं उचलून शेवटच्या दोन तासांत, अन् सकाळच्या माह्या जागेवर बाई गेल्या, तवा त्यायचे शेवटचे दोन मोकळे झाले.

बाई मायले पाणी पाजाले उठल्या. माय म्हणे, कोण आलं गं? तर बाई म्हणे, शाळेतले सर आहेत, माय, सहज आले.

सहज.

...नाही, तुमचा कागद राहू द्या इथं, मी पाहातो. जा तुम्ही. पुढं काही नाही. पुढं मीच गेलो नाही त्या घरी. जा म्हटलं ना, गुलाबराव — अन् जातानी दार लोटून घ्या.