सुंदरीची पाठराखीण

...आणि वर मलाच सांगतात, ‘‘मामंजी, हळू बोला, ती बिचकेल!’’ कोण बिचकेल? मांजर! उभा जन्म मद्रासला गिंडीच्या कारखान्यात लेथवर गेला, शेजारच्याशी बोलायचं तरी बोंबलावं लागायचं, आणि आता म्हातारपणी आपल्याच घरात कुजबुजायचं... का? तर मांजर झोपलंय! अहो, मांजरच ना ते?

तुम्हाला सांगतो, ही सगळी आमच्या सूनबाईची करणी. जयंती. सिरुसेरीला चांगली गारेगार कॉम्प्युटरची कंपनी, फिरती खुर्ची, फुकट कॉफी... सोडली! म्हणाली, ‘‘मामंजी, मी पर्शियन मांजरांची ब्रीडर होणार. रजिस्टर्ड.’’ मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला वाटलं, मांजरीचं बाळंतपण म्हणजे मांजरीला ठाऊक नि पोटमाळ्याला ठाऊक. छे! क्लब असतो म्हणे. तिथे आपल्या घराण्याचं नाव नोंदवायचं, ते प्रत्येक पिल्लाला आडनावासारखं लागतं. बाप नोंदलेला, आई नोंदलेली, तरच पिल्लू खानदानी! मांजरीचे आजे, पणजे, खापरपणजे सगळे नावानिशी छापलेले. माझा पणजा कोण विचारा... तंजावूरचा होता, एवढंच ठाऊक. आणि हिचा पणजा चँपियन! अय्यो!

तर आली एकदाची. पांढरीशुभ्र, आणि तोंड असं चपटं, जशी काही बंद दारावर धावत जाऊन आदळलीय. पिल्लं देणाऱ्या मांजरीला हे लोक क्वीन म्हणतात. मी सुंदरी म्हणतो. तर या राणीसाहेबांना एसीची खोली! मद्रासचा मे महिना मी भट्टीशेजारी काढला, कुणी पंखा तरी लावला का? आता मी त्या खोलीत जाऊन बसतो ते राखणीला हो, गारव्याला नव्हे, कोण काय म्हणायचं ते म्हणो. बसल्या बसल्या सरकारला, सांबारातल्या मिठाला, आमच्या गिरीधरला... म्हणजे पोराला, जयंतीच्या नवऱ्याला... शिव्या घालतो, आणि ती ऐकत ऐकत जेवते. मांजरच ना, तिला काय कळतंय?

मग सुंदरी माजावर आली. लोळते काय, गाते काय, शेजारचे विचारतात कोण रडतंय! जयंतीनं स्थळ शोधून ठेवलेलंच. ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात शार्दूल म्हणून सांगलीकडचा पोरगा, त्याच्याकडे नोंदलेला बोका. पण त्या शार्दूलची झालेली पुण्याला बदली, बोका घेऊन निघालाच होता. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच! फोनवर जयंतीला म्हणाला, ‘‘तिला आमच्याकडे आणून सोडा. मादीच नराच्या घरी जाते, तशी पद्धतच आहे.’’

काय? मुलगी आपण होऊन मुलाच्या दारात? मी फोन घेतला. ‘‘हे बघ राजा, आमच्यात मुलाकडचे येतात. मुलगी बघतात, सोज्जी-बज्जी खातात, मग पुढचं.’’

‘‘अहो काका, मांजरं आहेत ती!’’

‘‘मांजरं तुझ्या घरी! ही आमची मुलगी आहे.’’

जयंतीनं कपाळावर हात मारला. पण पोरगा गुणी हो, आला बोका घेऊन! सोज्जी म्हणजे आपला शिरा, तो तुपात थबथबलेला, बज्जी म्हणजे भजी, ती गरम गरम, मी इस्त्रीचं धोतर, आमची वेष्टी, नेसून दारात उभा. टोपलीतून नवरदेव उतरले. केवढा थोरला! आला, हुंगलं, आणि सरळ माझ्या वेष्टीवर... काय सांगू तुम्हाला... धार! शार्दूल बज्जी चावत म्हणतो, ‘‘नवीन जागा आहे ना काका, घाबरला की करतो.’’ तेवढ्यात सुंदरी आली, आपल्या घरात हा कोण म्हणून ठेवून दिली एक नाकावर! झालं, नवरदेव जे इडलीच्या ग्राइंडरमागे शिरले, ते संध्याकाळपर्यंत नुसतं शेपूट. सोज्जी सगळी शार्दूलनंच संपवली.

आणि जयंती? ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, ‘‘मामंजी, मी नोकरी सोडलीय हो याच्यासाठी.’’ एवढंच. मीच टोपली आणली, मीच सुंदरीला आत बसवलं, म्हटलं, जा बाई शार्दूलकडे. मांजरच ना... असं म्हणायला गेलो, आणि टोपलीचं झाकण तीनदा उघडून बघितलं. कडी सैल होती.

दुसऱ्या दिवशी शार्दूलचा फोन. ‘‘काका, ती पलंगाखाली बसलीय. खात नाही, बोक्याला जवळ येऊ देत नाही. काय करू?’’ जयंतीनं माझ्याकडे बघितलं. ‘‘मामंजी, तिला तुमच्या शिव्या ऐकत जेवायची सवय लागलीय!’’

म्हणजे तुम्हाला कळलं ना? नवरीबरोबर सासरी पाठराखीण पाठवतात, एखादी धाकटी बहीण, मावशी... आमच्या सुंदरीबरोबर कोण? मी! मिशीवाला, गुडघे दुखणारा! गेलो ओरगडमला. पलंगाशेजारी चटई टाकली आणि सुरू केलं... तो रस्ता, ते खड्डे, ते लॉरीवाले, रुचिराची, म्हणजे शार्दूलच्या बायकोची, गोड आमटी... आमटीत गूळ घालतात हो हे लोक! आली की बाहेर. जेवली. अंग चाटलं. आणि आज सकाळी आतून एक किंकाळी, फाडकन आवाज, आणि बोका कान पाडून बाहेर! मी दचकलो. शार्दूल नाचायला लागला, ‘‘झालं काका, झालं! झाल्यावर ती मारतेच त्याला.’’

म्हटलं, ‘‘मला नको शिकवूस, मी संसार केलाय.’’

जयंती फोनवर हसली का रडली, मला ऐकायला आलं नाही. म्हणाली, आणखी एक-दोन दिवस राहा मामंजी, खात्री होऊ दे. म्हणून बसलोय. आत्ता ही रुचिरा चहा घेऊन आली नि काय म्हणावं तिनं? ‘‘काका, एवढं काय जिवाला लावून घेता, मांजरच ना ती?’’

असा संताप आला म्हणता! जिभेवर एक से एक आलं होतं... पण गिळलं. चहासकट. काय करणार? मुलीकडचे पडलो ना आपण!